सुतळीची गाठ

ही घटना घडलेली आहे. ज्यांच्या बाबतीत घडली, त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही नाही.

गाव कळंब. फसली सन तेराशे त्रेपन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे त्रेचाळीसचा मार्गशीर्ष. वेळ दिवेलागणीची.

विरुपाक्ष हैदराबादेत पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांच्या काकू, गजराबाई, ऐंशी पार करून गेल्या, त्याला महिना झाला होता.

काकूंनी जन्मात गाणं म्हटलं नाही. पण ऐकलं असं, की गाणाऱ्याला घाम फुटावा. उरुसातले कव्वाल, तुळजापूरच्या वाटेवरचे गोंधळी, मुक्कामाला आलेली नाटक कंपनी... साऱ्यांना त्यांच्या माडीवर पाट आणि पान. त्या स्वतः चिकाच्या, बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड बसत. दाद तोंडानं देत नसत. पितळी पानदानाचा खटका वाजवीत.

खट्.

तोही समेवर नाही. समेवर सगळेच माना डोलावतात. काकूंचा खटका समेच्या अलीकडे, गाणारा श्वास घेतो तिथं पडे. तो पडल्यावाचून मुखडा सोडून पुढं जायचं नाही, हा त्या माडीचा रिवाज.

विरुपाक्षांची धाकटी बहीण रुद्रम्मा काकूंपाशीच वाढली, गाणं शिकली.

तिच्यासाठी मात्र पानदान कधीच वाजलं नव्हतं.

"आज काकूंच्या नावानं गाते, अण्णा. मग तंबोरा खुंटीला," ती म्हणाली. "पण मुखड्यावरच अडकून चारचौघांत हसं नको. तुम्ही पडद्याआड बसा, अन् समेवर खटका वाजवा."

"मला सम कशी कळणार?"

तबल्याला हातोडी लावत रसूलमियाँ हसले. "मेरी मुंडी देखो, साब. मुंडी हली की डब्बा बजाव. इत्ता तो तुमारे साइन्स में आता होंगा."

फसवणूकच ती. बहिणीसाठी विरुपाक्षांनी कबूल केली.

घरच्या जुन्या स्वयंपाकिणीनं, शरणम्मानं, पानदान काकूंच्या लुगड्यात गुंडाळून आणून दिलं. ते तसंच मांडीवर घेऊन विरुपाक्ष काकूंच्या रिकाम्या लोडाशेजारी बसले. दिवे पुढं होते, पडद्याआड अंधार.

रुद्रम्मानं मुखडा घेतला. विरुपाक्षांनी लुगड्याची घडी उलगडली, झाकणाला अंगठा लावला...

झाकण हललं नाही.

पानदानाला सुतळी बांधलेली होती. गाठ करकचून आवळलेली. नखं लागेनात.

मुखडा पुन्हा आला. रसूलमियाँची मान पुन्हा हलली. काहीच वाजलं नाही.

रुद्रम्माचा आवाज कापू लागला. आता ती थांबणार, हे गाण्यातलं काही न कळणाऱ्या विरुपाक्षांनाही कळलं.

त्यांनी गाठीला दात लावले... आणि...

खट्.

डावीकडे. लोडापाशी.

समेवर नाही... श्वासावर.

रुद्रम्मा पुढं गेली. अशी गायली, की शेवटी रसूलमियाँनी कानाच्या पाळ्या धरल्या.

विरुपाक्ष जागचे हलले नव्हते. थंडीनं पितळ आकसतं, कधी वाजतंही, हे त्यांनी मनात मांडून पाहिलं. पण पितळ त्यांच्या मांडीवर होतं. उबेत. आवाज तिथून आला नव्हता.

रुद्रम्मा पडदा सारून आत आली. "अण्णा, मी समेवर सांगितलं होतं. ही जागा तुम्हाला कुणी दाखवली?"

'मीच' म्हणणं सोपं होतं. पण मग तंबोरा खुंटीला गेला असता.

त्यांनी गाठीसकट पानदान तिच्यापुढं धरलं.

दिवा घेऊन आलेली शरणम्मा बघतच राहिली. "ते कुठलं वाजतंय, मालक? बाई गेल्या त्याच दिशी खटका मोडला त्येचा. झाकण निसटाय लागलं, म्हून म्याच सुतळी बांधली."

रुद्रम्मा लोडाकडं पाहत राहिली. मग वाकून तिनं त्याला हात लावला, आणि बाहेर जाऊन तंबोरा पुन्हा मांडीवर घेतला.

तिचं गाणं आता हैदराबादच्या रेडिओवर लागतं.

पानदान विरुपाक्षांच्या कपाटात आहे. सुतळी तशीच. सोडून तपासता आलं असतं. त्यांनी तपासलेलं नाही.

रेडिओवर बहीण मुखडा घेते, तेव्हा ते समोर बसतात खरे. पण कान गाण्याकडं नसतात...

कपाटाकडं असतात.