पहिली खेप इमरची

आयर्लंडच्या रॉसलेअर बंदरावरचा पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो आणि थेट कॉलरमध्ये शिरतो. त्या सकाळीही तो तसाच आला. इमर फर्लाँगनं जॅकेट डोक्यावर ओढलं, यार्डातून धावत सुटली आणि नव्या ट्रकचं उजवं दार उघडून एका दमात वर चढली. दार धाडकन ओढून घेतलं. सवयीनं हात पुढे गेले... आणि हवेतच राहिले.

समोर स्टिअरिंगच नव्हतं!

"कुठं सोडू, बाईसाहेब?"

ती दचकली. स्टिअरिंग पलीकडे होतं, डावीकडे. त्याच्यामागे एक अनोळखी तरुण निवांत बसला होता. हातात सॉसेज भरलेला पाव, हनुवटीला सॉस आणि डोळ्यांत असं हसू, की बघताक्षणी राग यावा. इमरला तो आलाही.

"उतरा खाली," ती म्हणाली. "ही माझी गाडी आहे."

"असेल की. पण तुम्ही आयर्लंडची गाडी समजून चढलात. ही तिकडची, युरोपातली. तिकडं चालवणारा या बाजूला बसतो."

"माहीत आहे मला!"

"हो... दिसलं ते."

हा फिनटन सिनट. बरीच वर्षं युरोपात ट्रक चालवून नुकताच गावी परतलेला. इमरला शिकवायला म्हणून मार्टीकाकांनी त्याला बोलावलं होतं, आणि हे काकांनी तिला सांगितलेलंच नव्हतं.

इमरला हवी होती ती इटलीतल्या मिलानची खेप. गाडीत मटण भरायचं, बोटीनं फ्रान्सच्या शेरबूर बंदरात उतरायचं, अख्खा फ्रान्स ओलांडून आल्प्सपलीकडे जायचं. काकांच्या कंपनीत डब्लिन-कॉर्क करून करून तिला ते रस्ते पाठ झाले होते. पण मिलानचं नाव काढलं, की काकांना कधी थंडी आठवायची, कधी बोगदे आठवायचे. खरं कारण एकच होतं. फर्लाँगांच्या घरातली पोरगी एकटी युरोपात गेली, तर लोक काय म्हणतील! शेवटी इमरनं किल्ल्या त्यांच्या टेबलावर आपटल्या. "मिलान द्या, नाहीतर मी दुसरीकडे नोकरी धरते." तेव्हा काका नमले, पण तेही अर्धेच. आधी तिकडची गाडी शिकायची, मग आपण बघू.

शिकायची जागा म्हणजे बंद पडलेल्या साखर कारखान्याचं आवार. फिनटननं तिथं रिकामी पिंपं मांडून चौक उभे केले. तिकडं गाडी उजवीकडून हाकायची आणि चौकातल्या वर्तुळाला उलटा फेरा घालायचा. जन्मभर डावीकडून चालवलेल्या माणसाला हे सांगायला सोपं असतं! तो पावसात उभा राहून हातवारे करायचा आणि पिंप पडलं, की टोपी काढून त्याला श्रद्धांजली वाहायचा.

"हे फ्रेंच पोलीस होते," तो ओरडायचा. "बायकोपोरांचे धनी होते बिचारे!"

"तुला नाही ना उडवलं? मग गप्प बस!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

दुपारी केबिनमध्ये थर्मासमधला चहा व्हायचा. काचा धुरकटायच्या आणि फिनटन तिला कुठल्याच परीक्षेत न विचारलेल्या गोष्टी सांगायचा. मुक्कामाला मागची दारं भिंतीला टेकवून गाडी लावायची, म्हणजे माल कुणी काढत नाही. झोपताना सीटचा पट्टा दाराच्या मुठीतून ओवून घ्यायचा, म्हणजे बाहेरून दार उघडत नाही. चहाची पुडकी घरूनच न्यायची, कारण तिकडच्या चहाला चहा म्हणणं पाप आहे.

"आणि एकटं वाटलं तर?" तिनं एकदा विचारलं.

तो आरसा नीट करून देत होता. त्याचा हात थबकला. आरशात दोघांची नजर एक झाली...

"तर... त्याच्यावर मला अजून औषध सापडलेलं नाही," तो म्हणाला.

इमरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं उगाचच वायपर चालू केला. पाऊस केव्हाच थांबला होता.

शनिवारी काका परीक्षा घ्यायला आले. इमरनं सगळं नेमकं केलं आणि शेवटच्या चौकात, काकांना दाखवण्याच्या घाईत, गाडी थेट डावीकडून घातली. आयर्लंडच्या सवयीनं!

"झालं," काका म्हणाले. "फिनटन सोबत जाईल. तो चालवेल, तू बघ."

"चूक झाली, मान्य आहे. इथं झाली हे बरंच झालं. उभे राहा आणि बघा."

त्यानंतर तिनं त्या पिंपांना इतके फेरे घातले, की काका भिजले, वैतागले आणि चहा प्यायला निघून गेले. एकही चूक झाली नाही. काकांनी सोबतीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि इमरला वाटलं आपण जिंकलो.

सोमवारी मटण भरून झालं. आईनं चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी गाडीच्या नाकावर असं शिंपडलं, जणू गाडीचं बारसंच. इमर आपली पिशवी ठेवायला केबिनमध्ये चढली आणि जागच्या जागी थिजली. वरच्या फळीवर एक बॅग होती. पुरुषाची. टॉवेल आणि दाढीचा ब्रश व्यवस्थित खोचलेला.

"फिनटन!"

तो पायरीशी आला. आज त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

"काकांनी सांगितलं म्हणून?" तिनं बॅगेकडे बोट केलं. "मला न विचारता? तूसुद्धा?"

"काकांनी सांगितलं नसतं, तरी भरली असती." त्यानं टोपी हातात चुरगाळली. "इमर, मी... तुझ्यावर जीव जडलाय माझा. इतके दिवस तुला इथून जायला शिकवत होतो आणि रोज वाटत होतं, हिला हे जमूच नये... म्हणजे मी सोबत जाईन."

किती दिवस हेच ऐकायची वाट बघत होती ती! आणि ऐकायला मिळालं ते या घडीला. तिला रडू येत होतं, हसूही येत होतं, आणि सगळ्यांहून जास्त संताप येत होता.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "फार आवडतोस. म्हणूनच तू यायचं नाहीस. तू शेजारी बसलास, तर जन्मभर लोक म्हणतील, फिनटननं तिला मिलान दाखवलं. मला मिलान कुणी दाखवायला नकोय!"

एवढ्यात काका तरातरा आले. "काय चाललंय? बोट थांबणार नाही तुमच्यासाठी!"

"मी एकटी जातेय, काका. नाहीतर हे मटण तुम्हीच खात बसा."

"फिनटन, तू चालव. बस तिथं."

फिनटननं केबिनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला जायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मी नाही चालवणार, काका," तो म्हणाला. "खेप तिची आहे."

काका तोंड उघडं टाकून उभे राहिले. आईनं त्यांच्यावरही थोडं पाणी शिंपडून घेतलं.

इमरनं बॅग उचलली आणि खाली फेकली. फिनटननं ती झेलली. मग ती पायरीवरून इतकी झुकली, की आणखी बोटभर झुकली असती तर पडलीच असती. सगळ्या यार्डादेखत, काकांदेखत तिनं त्याच्या ओठांवर ओठ टेकले.

"आमच्या घरात आजवर बायकांनीच वाट बघितली," ती म्हणाली. "आई बाबांसाठी बंदरावर उभी राहून राहून म्हातारी झाली. आता जरा तू उभा राहा."

"राहीन... पण किती दिवस?"

"असलं विचारायचं नसतं," इमर म्हणाली, आणि तिनं इंजिन सुरू केलं. "आईला विचार. ती शिकवेल तुला."