तळपाते वर घे

टायटनच्या मिथेन-समुद्रात ‘वल्लरी’ या शिडाच्या नौकेने चौथे वळण घेतले आणि हेमांगी शिरगावकरने खिडकीबाहेर पाहिले. तो मेला काळा खडक अजून तिथेच होता.

“भाटकरकाका, आपण पुढे जातोय की नाही?”

“जेवढं पुढं, तेवढंच बाजूला घसरतोय,” सुकाणूवरचे भाटकर वैतागून म्हणाले. “तळपातं दीड मीटरवर आणलंय, दुसरं काय होणार?”

नौकेच्या बुडाखालचे हे सरकते तळपाते हेमांगीनेच आखले होते. वाऱ्याविरुद्ध जायचे तर नौका तिरकी, नागमोडी हाकावी लागते. वारा तिला बाजूला रेटतो आणि खोल गेलेले पाते तो रेटा अडवते. टायटनची हवा पृथ्वीच्या चौपट दाट, समुद्र मात्र पाण्याच्या निम्म्याच वजनाचा. म्हणून इथे पाते चार मीटर खोल हवे. पण मधल्या उथळ पट्ट्यात तळ दोन मीटरवर होता.

पट्ट्यापलीकडे, वारा येत होता त्या दिशेला तीन किलोमीटरवर, हेमांगीची धाकटी बहीण केतकी दुसऱ्या नौकेत एकटी अडकली होती. तिची डोलकाठी मोडली होती आणि प्राणवायू पन्नास मिनिटे पुरेल इतकाच उरला होता.

“अजून अर्धा मीटर सोडा खाली.”

भाटकरांनी सोडले. खालून खरवडल्याचा आवाज आला, नौका गचकली. त्यांनी पाते झटकन वर घेतले. हेमांगीला एका जागी उभे राहवेना.

“मला एक कळत नाही,” भाटकर म्हणाले. “एवढा वारा आपल्याकडं वाहतोय. मग पोरगी अजून वाहत इकडं कशी आली नाही?”

हेमांगी थबकली. मग तिने रेडिओ ओढला.

“केतकी, तुझं तळपातं कुठंय?”

“पूर्ण खाली. डोलकाठी मोडली की पातं पूर्ण खाली. नियमच आहे, ताई.”

नियम हेमांगीचाच होता. पृथ्वीवरच्या सवयीने लिहिलेला, नौका उलटू नये म्हणून. पण नौका कलंडते ती शिडावरच्या रेट्याने. इथे शीडच नव्हते! पाते केतकीला सांभाळत नव्हते, जखडून ठेवत होते.

“वर घे! पूर्ण वर घे! वारा तुला आडवीच ढकलत आणेल, उथळावरूनसुद्धा.”

पाते उचलणारे मळसूत्र हाताने फिरवल्याची करकर रेडिओवर ऐकू आली. मग भाटकरांनी पडद्यावरचा केतकीच्या नौकेचा ठिपका पाहिला. “सरकली! अर्ध्या तासात आपल्यापाशी पोचेल.”

हेमांगी खुर्चीत बसली आणि तिला रडूही आले.

“हे तुला सुचलं नाही का गं?” तिने रेडिओवर केतकीला विचारले.

“चार तासांपूर्वीच सुचलं होतं,” केतकी म्हणाली. “पण प्रशिक्षणाच्या परीक्षेत मी हेच उत्तर लिहिलं होतं, तेव्हा तू मला नापास केलं होतंस.”