बिडाच्या खांबाचं पोट

"लवू, तो चमचा ठेव खाली, नाहीतर सोड्यांबरोबर तुलाही पोत्यात भरीन," मथुराआत्या म्हणाली.

लवूने चमचा ठेवला नाही. त्याला दिसेल ते वाजवायची सवय होती.

दिवाळीच्या सुट्टीत वेदिका, ऋत्विक आणि हा धाकटा लवू रत्नागिरीला आले होते समुद्रावर हुंदडायला. इथे बघतात तर आत्याचं सुक्या मासळीचं दुकान पोत्यांत भरणं चालू. दुकान होतं ती जुनी इमारत, 'बिडाची पेढी', संध्याकाळपर्यंत रिकामी करायची होती. इमारतीच्या मालकांचे इंजिनीअर अजिंक्य सावंत येऊन सांगून गेले होते, की कोपऱ्यातला खांब आतून कुजलाय, इमारत धोक्याची.

"दुसरीकडे गाळा घे ना," ऋत्विक म्हणाला.

"सुकी मासळी जेवताना सगळ्यांना हवी रे, शेजारी कुणाला नको."

आत्याने पोत्याची गाठ करकचून आवळली. वेदिकाला पोतं शिवता येईना. ती उगाच आत-बाहेर करत राहिली.

जांभ्या दगडाच्या त्या बाजारात ही एकच इमारत लोखंडी. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा व्यापाऱ्याने बिडाचे ओतीव खांब, कमानी, सज्ज्याची नक्षीदार जाळी, सगळं सुटं सुटं जहाजातून आणलं आणि इथे बोल्ट आवळून उभं केलं. कुठला तुकडा कुठे बसवायचा त्याचे आकडे खांबांवर अजून वाचता येत होते.

ठण, ठण, ठण. लवू ओसरीवरचे खांब वाजवत निघाला. कोपऱ्यातला आला आणि आवाज आला, थद्.

"हा बोलत नाही," लवू म्हणाला.

ऋत्विकने चमचा ओढून घेतला आणि स्टुलावर चढला. वर वाजवलं तर ठण. छातीच्या उंचीला, थद्.

"अर्ध्यापर्यंत काहीतरी भरलंय. खजिना असणार."

"खजिना गळतो का?" वेदिका म्हणाली. सांध्यातून तपकिरी पाणी पाझरत होतं. "पाऊस तर कधीच गेला. मग हे कुठलं?"

"पावसाचं नाव नको काढू," आत्या आतून म्हणाली. "यंदा ह्या कोपऱ्यात भिंतच भिजली. नाहीतर अख्ख्या बाजारात पागोळ्या नसलेली ही एकच ओसरी. लोक छत्री मिटून इथे येऊन उभे राहायचे."

वेदिका थबकली. "पागोळ्या नाहीत, तर छपराचं पाणी जातं कुठे?"

तिघं धडधडत सज्ज्यावर गेली. छपराच्या कडेची लोखंडी पन्हळ थेट खांबाच्या डोक्यात उतरत होती.

"खांब पोकळ आहेत! पाणी ह्यांच्या पोटातून जातं," ऋत्विक ओरडला.

तिघं पुन्हा खाली. प्रत्येक खांबाच्या पायाशी गटाराकडे तोंड केलेला एक लोखंडी मासा होता, आ वासलेला. कोपऱ्यातल्या खांबाशी मात्र नुसता सिमेंटचा गोळा.

"आत्या, इथला मासा कुठाय?"

"कसला मासा? उंदराचं बीळ ते. रोज रात्री सोडे खायचा मेला. मे महिन्यात मीच बुजवलं." बोलता बोलता आत्याने तोंडावर पदर धरला.

तेवढ्यात सामान न्यायचा टेम्पो आला आणि मागोमाग सावंत. "खांबापासून लांब व्हा रे."

"काका, तुम्ही हा वाजवून बघितलात?" वेदिकाने विचारलं.

"गंज डोळ्यांना दिसतो. वाजवायचं काय त्यात?"

"मग सिमेंट फोडून तरी बघा."

सावंत हसले. आत्या हसली नाही. ती आतून पहार घेऊन आली. "गोळा मी लावलाय, मीच काढणार. तुम्ही पोरांना धरा."

दोन घावांत गोळा सुटला. माशाच्या तोंडातून काळंशार, कुजक्या पानांचं पाणी भसकन आलं आणि थेट सावंतांच्या नव्या बुटांत शिरलं. पाणी सरल्यावर लवूने चमचा मारला.

ठण.

सावंतांनी वाकून माशाच्या तोंडातून आत बोटं फिरवली. "चुकलं माझं. सगळे खांब नीट तपासतो. पण हा पोटातून कुजलेला नाही, नुसतं पाणी तुंबलं होतं. तपासून होईपर्यंत कोपऱ्याला टेकू देऊ, तिकडे कुणी फिरकू नका. दुकान हलवायची गरज नाही." मग वेदिकाकडे वळून म्हणाले, "पाणी जातं कुठे, हे मी विचारायला हवं होतं. तू विचारलंस. शाबास."

"माझी पोरं आहेत ती," आत्या म्हणाली आणि टेम्पोवाल्याला हाताने परत जा म्हणून खुणावलं. "माशाच्या तोंडाला जाळी बसवा हो, साहेब. उंदीर अजून जिवंत आहे."

सावंतांनी लवूपुढे हात केला. "चमचा देतोस जरा?"

लवूने आत्याकडे पाहिलं. ती पोत्यांच्या गाठी सोडत होती.

"दे," ती म्हणाली. "पण शिकव त्यांना."