सूर आधी येतो

यामिनीला गणपतीतल्या कार्यक्रमात गिटारचा आवाज मोठा करायला अ‍ॅम्प हवा होता. ती माझी धाकटी बहीण, स्मृति नगरातल्या आमच्या घरी गिटारचे क्लास घेते. मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला. मोजमाप हाच माझा धंदा, म्हणून अ‍ॅम्प पारखायचं काम माझ्याकडे आलं. एक नवा, ट्रान्झिस्टरचा, सुपेल्यातल्या ओळखीच्या दुकानदारानं वापरून बघायला दिला. दुसरा हुडको वसाहतीतल्या म्हाताऱ्या लतिकाकाकूंकडचा, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवाला. तो त्यांच्या यजमानांनी स्वतः जोडलेला. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

"काका गिटार वाजवत होते?" मी न्यायला गेलो तेव्हा विचारलं.

"नाही रे बेटा. गिटार कुठं होती आमच्या घरी? चालू करून नुसते आयकत बसत."

म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात, असं समजून मी अ‍ॅम्प गाडीत ठेवला.

रविवारी दुपारी बैठकीच्या खोलीत दोन्ही शेजारी मांडले. रेकॉर्डिंगमध्ये आवाज येऊ नये म्हणून कूलर बंद केला. गिटार तीच, वायर तीच, आवाजही मोजून सारखा ठेवला. नव्या अ‍ॅम्पचा टोन स्वच्छ होता, पुसलेल्या काचेसारखा. पण गेनचं बटण फिरवून जोर वाढवला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटे. जुना तापायला वेळ घ्यायचा. मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह नारिंगी होत, गरम धुळीचा वास सुटे. मग जो सूर निघे तो हलक्या हाताला मऊ, आणि जोरात छेडला की कडांना खरखरीत. फाटत मात्र नसे.

"हाच घेऊ," यामिनी म्हणाली. मग हात थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण दादा, काहीतरी अजीब आहे. सूर आधी येऊन राहिला, मग मी वाजवून राहिली."

एक माइक तारांजवळ होता, एक अ‍ॅम्पसमोर. लॅपटॉपवर दोन्ही रेकॉर्डिंग एकाखाली एक लावली. नव्या अ‍ॅम्पमध्ये तार आणि आवाज बरोबर एकत्र सुरू होत होते. जुन्यात आवाज आधी होता, तार नंतर. अगदी किंचित, पण नंतर. मी वायरी बदलल्या, माइकची अदलाबदल केली, दुसरा लॅपटॉप आणला. फरक गेला नाही. उलट अ‍ॅम्प जितका तापत गेला तितका वाढत गेला.

खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

"आता वाजवू नको," मी म्हणालो. "काहीही झालं तरी."

तिनं दोन्ही हात वर केले. अ‍ॅम्पमधून सगळ्या तारा एकदम झणकारल्या. मी वाकून पाहिलं, तारा स्तब्ध होत्या.

"मी नाही वाजवलं!" यामिनी हसली. तेवढ्यात गिटारचा पट्टा खांद्यावरून सुटला, तिनं घाईनं गिटार धरली आणि तिची बोटं सगळ्या तारांवर पडली. कोरडा, बारीक आवाज झाला. अ‍ॅम्प गप्प होता. त्याचं वाजून झालं होतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्याच नादात होतो. तो आधी वाजवी, आम्ही चहा घेऊन येऊ, आणि मग गप्पांच्या नादात यामिनीचा हात नेमका तेच छेडून जाई.

पुढच्या रविवारी त्यानं बराच वेळ काहीच वाजवलं नाही. गिटार दिवाणावर पडली होती. मी बंद करायला उठलो, तोच सूर आले.

कार्यक्रमासाठी यामिनीनं स्वतः बांधलेली धून होती. पण फार संथ. जलद तुकड्यात काही सूर गाळलेले, काही भलत्याच बोटानं घसरत गाठलेले.

"कोणीतरी शिकाऊ दिसते," मी म्हणालो.

"नाही दादा. मीच आहो."

ओळ संपताना सूर किंचित वर सरकवायची तिची लकब त्यात होती. यामिनी डाव्या हाताची बोटं हवेत हलवत, सोबत वाजवून पाहत होती. जमेना. मग तिनं करंगळीशेजारचं बोट मिटून घेतलं.

जमलं. प्रत्येक गाळलेला सूर नेमका त्याच बोटाचा होता.

मी प्लग ओढला.

त्याच संध्याकाळी अ‍ॅम्प हुडकोला परत दिला. का आणला, हे काकूंनी विचारलं नाही. दार लावता लावता एवढंच म्हणाल्या, "जवळचं आयकू आलं, का दूरचं?"

किती दिवसांनंतरचं, ते सुरांवरून कळत नव्हतं.

कार्यक्रम नव्या अ‍ॅम्पवर छान झाला. यामिनीचा हात ठणठणीत आहे. ती क्लास घेते, स्कूटर चालवते, भाजी चिरते. भाजी चिरताना मी तिथं थांबत नाही.

काल तिच्या खोलीवरून जाताना ती धून ऐकू आली. संथ, घसरत. मी दार लोटलं.

"हे काय करून राहिली, यामिनी?"

"काही नाही. सवय करून राहिली."

तिनं मान वर केली नाही. करंगळीशेजारचं ते बोट तिनं तळहाताशी दुमडून चिकटपट्टीनं घट्ट बांधलं होतं, आणि आता एकही सूर चुकत नव्हता.