पुढच्या चाकाचं विमान आणि मुका सोमवार

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते विमानाच्या नाकाच्या डाव्या अंगाला. मग उजव्या अंगाला. मग पुन्हा डाव्या.

आमच्या क्लबच्या जुन्या विमानाचं, पुष्पकचं, शेपूट जमिनीला आणि नाक आभाळाला. समोरचं काही म्हणून दिसत नाही. त्यामुळे जमिनीवरून ते नागमोडी न्यावं लागतं. थोडं डावीकडे वळायचं, डोकावायचं. थोडं उजवीकडे, पुन्हा डोकावायचं. त्या सकाळी डोकावले, तर धावपट्टीच्या ऐन मधोमध एक मनुष्य उभा. पांढरा शर्ट, काखेत छत्री, आणि चेहरा असा, की धावपट्टी त्यांच्या मालकीची आणि मी तिच्यात गुरं सोडलीत.

मी इंजिन बंद केलं.

"तुम्ही विमान नेताय की रांगोळी काढताय?" त्यांनी विचारलं.

"पुष्पक असंच..."

"काय? मोठ्यानं बोला."

"पुष्पक असंच न्यावं लागतं," मी म्हणाले. माझ्या मानानं ते मोठ्यानंच होतं.

"ते मला ठाऊक आहे. पण इतकं?"

तेवढ्यात आमचा मेकॅनिक धोंडीबा धावत आला. "बाई, हे ओव्हाळ सायेब. नव्या इमानाचं मास्तर."

झालं. ज्यांच्या हाती माझं सगळं भवितव्य, त्यांना मी पहिल्याच दिवशी चिरडायला निघाले होते.

मोशीहून चाकणकडे निघालं की ओढ्यापलीकडे जो माळ लागतो, तो एकेकाळी आमच्या आबांचा. कंपनीनं तो घेतला, निम्म्यावर शेड घातली, आणि उरलेल्यावर मालकांच्या हौसेखातर धावपट्टी आखून फ्लाइंग क्लब काढला. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी होती. आमच्या घरची माझ्या वाट्याला आली... क्लबच्या टेबलावर बसून पावत्या फाडायची. पावत्या फाडता फाडता मी पुष्पक शिकले, लायसन काढलं. आता क्लबनं नवं विमान आणलं होतं, आणि पुष्पक गणपतीआधी दुसऱ्या क्लबला जाणार होतं. नव्या विमानाचा शेरा माझ्या लायसनवर पडला, तर मी क्लबची पायलट. नाही पडला, तर पुन्हा टेबल, आणि दिवाळीनंतर आत्यानं बघून ठेवलेलं खेडचं स्थळ.

नवं विमान म्हणजे विमान कसलं, मोटारगाडी. पुष्पकचा पंखा धोंडीबा हातानं फिरवायचा. इथं किल्ली फिरवली की पंखा गरगर. शेपटाऐवजी पुढे नाकाखाली चाक, त्यामुळे समोरचं सगळं लख्ख दिसतं. पण माझ्या पायांना ते कोण सांगणार? ते आपले सवयीनं डावे-उजवे चालायचे.

"मिस बोराटे, समोरचं दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग सरळ चला की. समोर कुणी नाही. मीसुद्धा आत बसलोय."

उतरताना तर परवडच. पुष्पक उतरवताना दांडी पोटाशी ओढून तिन्ही चाकं एकदम टेकवायची. नव्या विमानाची आधी मागची दोन टेकवायची, मग अलगद पुढचं. मी घाईनं ओढायची, विमान फुग्यासारखं वर उचललं जायचं, आणि मग धप्प... पुन्हा वर... पुन्हा धप्प.

ओव्हाळ सर शांतपणे पेनाचं टोपण काढायचे. "ह्या एका उतरण्यात तुम्ही बऱ्याच वेळा उतरलात. वहीत किती लिहू?"

आणि ते मोठ्यानं बोलणं. उडण्याआधी प्रत्येक गोष्ट तपासायची आणि तपासली असं तोंडानं म्हणायचं असतं. मी म्हणायची. तेल बरोबर. पेट्रोल, दोन्ही टाक्या. दारं बंद.

"हे तुम्ही मला सांगताय की देवाला?"

"त्याला ऐकू जातं."

"मला नाही जात."

"त्याला मी काय करू, सर?"

ते एकटक बघत राहिले. मी नजर तेलाच्या काट्यावर ठेवली. काटा बरोबर होता, माझेच कान तापले होते.

एके दिवशी ते एक उशी घेऊन आले. माझी उंची बेताची. पाय पेडलला जेमतेम पोचायचे. त्यांनी ती माझ्या पाठीशी बसवली आणि बाहेर बघत म्हणाले, "आईनं शिवलीय. विमानासाठी. तुमच्यासाठी नाही."

त्यांच्या आई, जाईबाई, पिंपरीत राहायच्या आणि त्यांनी अजून विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. उशीच्या कडेला निळ्या दोऱ्याची बारीक वेल होती. विमानाला वेल कशाला लागते, हे मी विचारलं नाही.

रोज संध्याकाळी दिवा लावताना मी म्हणायची, देवा, ह्या माणसाचा राग माझ्या मनातून काढ. राग जायचा... आणि मागे भलतंच काहीतरी उरायचं. त्यांच्या मनगटावरचा घड्याळाचा पांढरा पट्टा. पावसाची सर आली की माझ्यावर अख्खी छत्री धरून, स्वतः भिजत, "चला लवकर, गोगलगाय," असं खेकसणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा राग यायचा, म्हणून बरं होतं.

श्रावण लागला आणि मी मुके सोमवार धरले. आमच्या घरची रीत अशी, की सोमवारी उठल्यापासून तोंडातून शब्द काढायचा नाही. दिवसभर उपास, दिवेलागणीला महादेवाला बेल, मग घास, आणि घासानंतर बोलणं. सोमवारी क्लब बंद असायचा, त्यामुळे कुणाला पत्ताही नव्हता. पण एका शनिवारी ओव्हाळ सर उड्या मारायच्याच बाकी ठेवून आले.

"पाऊस उघडीप देतोय. परवा सकाळी यशवंतराव येतायत मुंबईहून. तुमची परीक्षा."

"परवा सोमवार आहे."

"असू दे. क्लब उघडू."

"सोमवारी मी बोलत नाही."

"कुणाशी?"

"कुणाशीच. श्रावण आहे."

त्यांनी छत्री जमिनीवर टेकवली. "तुम्ही एरवी तरी कुठं बोलता? काय फरक..." मग ते एकदम थांबले. "चेक. चेक मोठ्यानं म्हणायचे असतात, मिस बोराटे. परीक्षकापुढे."

"मंगळवारी नाही का जमणार?"

"मंगळवारी ते परत जातात ते दिवाळीनंतर उगवतात. तोवर तुम्ही..." त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. मग नव्या विमानाच्या चाकापाशी बसून, ज्यात काही बिघाड नव्हता ते टायर दाबून पाहू लागले. "आम्ही बौद्ध. आमच्याकडे हे काही करत नाहीत. पण आमच्या आळीला लागून ज्या राहतात, त्या करतात सोमवार. चांगल्या नवऱ्यासाठी."

"हं."

"आहे का स्थळ?"

"आहे. खेडला किराणा दुकान आहे त्यांचं."

"छान. किराणा बरा धंदा." टायर आणखी जोरात दाबलं गेलं.

खोटं बोलवेना. श्रावणात तर नाहीच नाही. "आत्याला वाटतं नवऱ्यासाठी करतेय. मी महादेवाकडे हे विमान मागितलंय."

ते टायर सोडून उभे राहिले. तोंड दुसरीकडे फिरवलं तरी हसू त्यांच्या कानापर्यंत गेलेलं मला दिसलं.

"मग त्यालाच सांगा की, वार बदल म्हणून."

"वार त्याचाच आहे, सर."

"तुमच्यापुढे मी हात टेकले," ते म्हणाले. आणि जाताना मागं वळून, "बरं. यशवंतरावांशी मी बोलतो. तुम्ही बसा गप्प."

सोमवारी माळावर उन्हाचे तुकडे पडले होते. यशवंतराव म्हणजे निवृत्त हवाई अधिकारी. आवाज असा, की ह्यांच्या विमानाला इंजिन लागतं कशाला असं वाटावं. त्यांना मी नमस्कार केला. ओव्हाळ सरांनी व्रताचं सांगितलं, तसे ते त्यांच्यावर कडाडले.

"मुकी पायलट? तुम्ही विज्ञान शिकवता, ओव्हाळ."

"मी व्रत मानत नाही, साहेब. त्या मानतात. विमान चुकलं तर नापास करा. गप्प बसल्या म्हणून करू नका. चेक त्या हातानं दाखवतील."

"आणि काही घोटाळा झाला तर?"

"माझं मास्तरकीचं लायसन घ्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. असं कुणी विचारल्याशिवाय आपलं लायसन देतं होय? मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं आणि एक शब्द बोलता येईना.

एकेका गोष्टीला बोट लावत, अंगठा दाखवत मी सगळे चेक केले. यशवंतराव हुंकार देत राहिले. विमान सरळ धावलं, सरळ उडालं. खाली माझ्याच नावाच्या नदीचं, इंद्रायणीचं, गढूळ पाणी, पलीकडे चाकणच्या कांदाबाजाराची छपरं. वळणं झाली, उतरणं झालं, पुन्हा उडालो. शेवटच्या उतरण्याला डोंगराकडून सर आली. आडवा वारा, काचेवर पाणी. धावपट्टी जवळ येत होती, आणि एकाएकी माझ्या हातातलं सुकाणूचं चाक जड झालं. यशवंतरावांनी त्यांच्या बाजूचं चाक धरलं होतं. मी पुढे देत होते, ते मागे ओढत होते.

अशा वेळी कोण चालवतंय हे तोंडानं सांगायचं असतं. हातानं सांगता येत नाही, कारण हात तर दोघांचेही तिथंच. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"सोडा, साहेब," मी म्हणाले. "विमान माझ्याकडे आहे."

त्यांनी सोडलं. मागची दोन चाकं टेकली, मग पुढचं, आणि पाणी उडवत आम्ही सरळ रेषेत थांबलो.

"बोलता की तुम्ही," यशवंतराव म्हणाले. चाक त्यांनी मुद्दाम धरलं की घाबरून, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. त्यांनी पेन काढलं आणि माझ्या लायसनवर शेरा मारला.

छत्री घेऊन ओव्हाळ सर धावत आले. "काय झालं? मानेनं सांगा."

"पास झाले."

ते जागच्या जागी थांबले. "तुम्ही बोललात."

"वर बोलावं लागलं. एकदा मोडलं ते मोडलं."

"सकाळपासून मी त्या माणसाशी भांडतोय. तुम्हाला बोलायला लागू नये म्हणून. लायसन पणाला लावलं. आणि तुम्ही... मग आधीच बोलायचं होतं ना."

"चेक हातानं दाखवता येतात. ते नव्हतं येत."

"हात टेकले," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "वाईट वाटतंय?"

"वाटतंय. संध्याकाळी बेल वाहताना सांगेन त्याला. तो समजून घेईल. आत्या नाही घेणार."

आत्यानं नाहीच घेतलं. "इमानापायी देवाचं मौन मोडलंस व्हय गं? आता पुढल्या सालाला पुन्यांदा सगळं सोमवार. आन् ह्या सालचा ऱ्हायलाय त्यो बी गुमान कर."

त्याच आठवड्यात मी नव्या विमानातून पहिला प्रवासी नेला. क्लबमध्ये तशी हौस असते. पहिला प्रवासी आपण निवडायचा. ओव्हाळ सर उजवीकडे बसले. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मांडीखाली घातले.

"उजवं पेडल जरासं..."

"सर, तुम्ही प्रवासी आहात."

"हो. पण जरासं."

मी जरासं दाबलं. खरंच लागत होतं. खाली मोशी आली. आमच्या अंगणात आत्याचं लुगडं वाळत होतं, आणि ठिपक्याएवढी आत्या वर बघत होती.

"खेडच्या किराण्याचं काय झालं?" त्यांनी खिडकीला विचारलं.

"मी नाही म्हणून कळवलं."

"का?"

"मला किराण्यातलं कळत नाही."

मी विमान माळाकडे वळवलं. "माझं आडनाव," ते म्हणाले, "तुमच्या आत्याला चालायचं नाही."

"नाही चालायचं."

"आबांना?"

"आबा आधी चिडतील. मग विचारतील, जेवलात का."

"मला तुम्ही पाहिजे आहात, मिस बोराटे. हे मी खाली सांगणार होतो. पण खाली धोंडीबा असतो." त्यांनी हात मांडीखालून काढले, आणि त्यांचं काय करायचं ते न सुचून पुन्हा गुडघ्यांवर ठेवले. "सोमवारी क्लब बंद आहे. सोमवारी येतो तुमच्या घरी."

"सोमवारी नको."

त्यांचा चेहरा उतरला. "बरं."

"शेवटचा मुका सोमवार आहे. आणि त्या घरात आपल्या बाजूनं बोलायला माझ्याशिवाय कुणी नाही."

"आपल्या?"

"मंगळवारी या."

ते मंगळवारी आले, आणि मी बोलले. आबा सोप्यावर बसले होते. आत्या दारात उभी होती. शब्द फार नव्हते. मला हेच हवेत, एवढाच त्याचा अर्थ. आत्या होती तशी आत गेली, आणि आतून भांडी एकेक करून आपटायला लागली. आबा माळाच्या दिशेला बघत बसले. मग त्यांनी ओव्हाळ सरांकडे मान वळवली.

"इमान तुमीच शिकवलं हिला?"

"हो."

"आन् हे असं बोलाया?"

"ते नाही. मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला म्हणून माझाच घसा बसला होता."

आबा हसले नाहीत, पण मिशी हलली. ते माझ्याकडे वळले. "इंद्रायणे, च्या ठेव."

आत्याच्या आपटण्याकडे न बघता मी चहा केला. आबांनी बशी आपल्या हातानं त्यांच्यापुढे सरकवली. ओव्हाळ सरांनी एक घोट घेतला, कपाळाला आठी घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "साखर विसरलात."

मी कपाळाला हात लावला.