सोन्याचा आवाज

कृष्णाताईला सोन्याचा आवाज ऐकायचा होता. एकदाच, पण स्वतःच्या कानांनी. तेवढ्यासाठी ती ख्राइस्टचर्चहून, रिकार्टनच्या घराला कुलूप लावून निघाली होती. आणि तेवढ्यासाठी तिचा धाकटा भाऊ देवव्रत ऑकलंडहून विमानाने येऊन तिच्या गाडीत बसला होता. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, आपण सोनं शोधायला चाललोय.

सोनं तर तिच्याकडे होतं. दक्षिण बेटावरच्या नद्यांत गुडघाभर उभं राहून, थाळीत वाळू घोळून घोळून काढलेलं. मोहरीहून बारीक, काचेच्या बाटलीच्या तळाशी बसलेलं. नव्हता तो फक्त सोन्याचा अख्खा खडा. खडा सहसा थाळीत येत नाही. तो कातळाच्या भेगेत दडून बसतो आणि त्याला हुडकायला डिटेक्टर लागतो. कानाला हेडफोन लावायचे, दांड्याच्या टोकाचा गोल तवा अंगण सारवल्यासारखा जमिनीवरून फिरवायचा, आणि ऐकत राहायचं. खिळा किंचाळतो. बंदुकीचा छर्रा चिवचिवतो. सोनं नुसतं हुंकारतं, असं जुनी माणसं सांगतात. झोपेत कूस बदलणाऱ्या बाळासारखं, बारीक आणि गोल.

तो हुंकार तिला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता, आणि आता कान चालले होते. डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवून सांगितलं होतं: जाड आवाज शाबूत आहेत, बारीक मात्र एकेक करून निघून जाताहेत. कानात घालायचं यंत्र डिटेक्टरजवळ नेलं की शिट्ट्या मारायचं, म्हणून ते घरीच राहिलं. या खेपेला ऐकू आलं तर आलं. नाही तर डिटेक्टर विकून टाकायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. देवव्रतला यातलं काही सांगितलं नव्हतं.

वाईच्या घाटावर वाढलेली ही भावंडं. तिला नावही नदीचंच. लोक कृष्णेत नाणी सोडायचे, आणि ही पोरगी दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडायची. लहानगा देवव्रत पायरीवर पालथा पडून पाण्यात बघत राहायचा. चुंबकाला नाणं चिकटलं की तोच आधी ओरडायचा, "आलं!" आई रागवायची. नदीला दिलेलं नदीचं, म्हणायची. पण छंद लागला तो लागला. पुढे कृष्णाताई इंजिनिअर झाली, समुद्र ओलांडून इथे आली, केस पांढरे झाले, पण हात अजून पाण्यातच.

ओटागोच्या डोंगरांत गाडीरस्ता संपला तिथे म्हातारा कॉलिन फाटकाशी उभा होता. त्या खोऱ्यात सोनं काढायचा परवाना त्याचा, आणि कृष्णाताई त्याची जुनी मैत्रीण. त्याने फाटक उघडलं आणि एवढंच सांगितलं, की पश्चिमेचा वारा सुटला तर आभाळाकडे बघू नका, पाण्याकडे बघा.

मग चढ लागला. पिवळ्या गवताचे झुबके वाऱ्यावर लवत होते, जणू डोंगराने अंगावर केसाळ कातडं पांघरलं होतं. पायाखाली रानटी थाइम चुरगळत होता आणि त्याचा वास थेट ओव्याचा. मधूनच मॅटागौरीची काटेरी झुडपं बाहीला धरून ठेवत, ओळखीच्या माणसानं थांबवावं तशी.

"ताई, तू म्हणाली होतीस चाल सोपी आहे."

"सोपीच आहे. तुझं पोट अवघड आहे."

"ऑकलंडला आमच्या फ्लॅट बुशमध्ये सगळं गाडीनेच करावं लागतं गं."

"कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला पण?"

"पाऊस असला तर."

"आणि नसला तर?"

"तर सवय म्हणून," देवव्रत म्हणाला आणि दगडावर बसला. ऑकलंडच्या सँड्रिंगहॅममधल्या दुकानातून आणलेली बाकरवडी निघाली. दोन किआ पक्षी लगेच येऊन समोर बसले, हिरवे, वाकड्या चोचीचे, नातेवाइकांसारखे निवांत. "यांना हात धुवायला पाणी देऊ का?" त्याने विचारलं.

रात्र त्यांनी नदीकाठच्या उंचवट्यावरच्या पत्र्याच्या झोपडीत काढली. सकाळी ऊन लखलखीत. नदी निळी-हिरवी, तळाचा गोटा न् गोटा दिसावा अशी. समोरच्या काठाला कड्याच्या पायथ्याशी काळ्या कातळाचा एक सपाट ओटा होता, भेगाच भेगा पडलेला. नदी तिथे वळण घेई. वळणावर पाण्याचा वेग मोडतो आणि जड ते खाली बसतं. कृष्णाताई किती वर्षं त्या ओट्याकडे दुरून बघत होती.

उथळ, रुंद जागा बघून दोघं ओलांडून गेली. पाणी गुडघ्याखालीच, पण हाडं कळवळावीत इतकं गार. ओट्यावर पोचल्यावर तिने आधी थाळीत थोडी वाळू घेतली. थाळी घोळताना ती नेहमी पुटपुटायची, जात्यावरच्या चालीत, स्वतःच रचलेलं:

नदी गं नदीबाई, तुझ्या पोटी काय लेणं
वाळूच्या सात घड्या, खाली निजलं गं सोनं

काळ्या वाळूत दोन पिवळे कण चमकले. जागा बरोबर होती.

मग तिने हेडफोन लावले. तवा फिरू लागला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, भेगेवरून भेगेवर. एक खिळा किंचाळला, तो तिला ऐकू आला. दुसरा खिळा. मग काहीच नाही. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शांतता, दाट, कापसासारखी. ती परत आली, हेडफोन काढले आणि हसून म्हणाली, "घे, तू बघ. मला चहा करू दे."

देवव्रतने हेडफोन चढवून गंमत म्हणून तवा फिरवायला घेतला. शेवाळलेल्या भेगेपाशी त्याचा हात थबकला. मागे आला. पुन्हा पुढे.

"ताई, इथे काहीतरी आहे. बारीक आहे, पण आहे." तो जरा थांबला. "तू इथूनच गेलीस ना आत्ता?"

ती चहाचं भांडं खाली ठेवून जवळ आली. त्याने हेडफोन तिच्या कानाला लावले आणि तवा हळूहळू भेगेवरून नेला. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"नाही येत?"

"नाही येत."

"कधीपासून?"

"झालं वर्ष." तिने हेडफोन परत त्याच्या डोक्यावर चढवले. "ऐकू नाही आलं तर नाही. हातात तर घेऊ. तू जागा धरून ठेव, मी खणते."

भेग गच्च बसली होती. गाळ, खडी, पुन्हा गाळ. कृष्णाताई टोकदार कुदळीने एकेक कपची उकलत होती आणि देवव्रत कान देऊन सांगत होता, "जवळ आलंय. ताई, मोठं होतंय!" अजून वीतभर. वर आभाळ निळंशार. फक्त पश्चिमेच्या शिखरांवर ढगांची एक पांढरी कमान उभी होती.

आणि कातळ हलला.

हलला नव्हता, धडधडला. तिच्या गुडघ्यांना ते आधी कळलं, मग कानांना. वरच्या घळईत लांबवर कुणी अवजड पेट्या सरकवाव्यात तसा जाड, खोल आवाज. दगड! मोठे दगड पाण्याखाली गडगडत होते. हेडफोनमध्ये बुडालेल्या देवव्रतला पत्ताच नव्हता. तिने पाण्याकडे पाहिलं. काठाचा हिरवा रंग गेला होता. दुधाळ चहाच्या रंगाची एक रेघ ओट्याला चाटत होती. तिने वर पाहिलं. कड्याच्या फटीत, तिच्या डोक्याच्याही वर, वाळकं गवत आणि एक फांदी अडकलेली होती. मागच्या पुराने तिथवर नेऊन ठेवलेली.

तिने त्याच्या डोक्यावरून हेडफोन ओढले.

"वर पाऊस पडलाय. चल."

"आलंच आहे गं, दहा मिनिटं दे! एवढं ऊन आहे."

"देवा, ऊठ."

त्याने तिचा चेहरा पाहिला आणि उठला. पण तिचा स्वतःचा हात अजून भेगेत होता. बोटांच्या टोकाशी गार, ओला गाळ, आणि त्याच्या खाली, वीतभर खाली, आयुष्यभराचं मागणं. तिने मूठ उघडली. हात बाहेर काढला.

"डिटेक्टर?"

"राहू दे. तवा पाण्यात शिडासारखा धरला जाईल. काठी घे."

सॅक पाठीवर चढवल्या, पण छातीवरचे पट्टे मोकळे सोडले, वेळ आली तर सॅक टाकून देता यावी म्हणून. पाठीमागून हात घालून एकमेकांच्या सॅकचा पट्टा घट्ट धरला. जड देवव्रत प्रवाहाच्या वरच्या अंगाला.

"आता तुझ्या पोटाचा उपयोग आहे," ती म्हणाली.

पाऊल. काठी. पाऊल. पाणी मांडीला आलं. तळ दिसेना. गोटे पायाखालून निसटू लागले. मध्यावर देवव्रतचा पाय घसरला! तो कमरेपर्यंत बुडाला, प्रवाहाने त्याला ओढलं, आणि कृष्णाताईने टाचा रोवल्या. पट्टा तिच्या बोटांत कापत गेला. तिने सोडला नाही.

"ऊठ! माझ्यावर भार टाक!"

तो उठला. पुन्हा पाऊल. प्रवाहाशी न भांडता, तिरकं, खाली खाली. मांडी. गुडघा. घोटा. मग गवत.

दोघं गवतावर पालथी पडली. त्यांच्या मागून एक अख्खं झाड नदीच्या मध्यातून गेलं, मुळांसकट, मिरवणुकीतून गेल्यासारखं.

झोपडीच्या दारात बसून त्यांनी ओटा बुडताना पाहिला. आधी भेगा गेल्या, मग डिटेक्टरचा दांडा क्षणभर उभा राहिला आणि गेला. ऊन तसंच होतं. ओव्याचा वास तसाच. देवव्रतने कोरडे मोजे चढवले आणि तिच्या हातात चहाचा मग दिला.

"पाणी उतरलं की परत येऊ. जागा डोळ्यांत आहे माझ्या."

"भेग राहील का तीच?"

"आणि ते सोनं नसेलही. खिळा असेल."

"खिळा मला ऐकू येतो," ती म्हणाली.

नदी धडधडत होती आणि ती तिला चांगली ऐकू येत होती. चहाचा घोट घेऊन तिने विचारलं, "कसा होता रे आवाज?"

देवव्रतने डोळे मिटले. ओठ मिटून त्याने एक बारीक सूर लावला. वर चढणारा, किंचित थरथरून खाली येणारा. तिने मान हलवली. पोचला नाही.

त्याने तोच सूर खाली घेतला. तिने पुन्हा मान हलवली. मग आणखी खाली. तो तिच्याकडे पाठ करून सरकून बसला आणि तिचा कापलेला हात त्याने मागे ओढून स्वतःच्या पाठीवर ठेवला. आता सूर इतका खाली आला होता की तो गळ्यातून नाही, बरगड्यांतून निघत होता. वर चढला, थरथरला, खाली आला. झोपेत कूस बदलल्यासारखा.

कृष्णाताईचे डोळे भरून आले. तळवा तिने तसाच दाबून धरला.

"आलं," ती म्हणाली.