डोळ्यांच्या कडेने

दुकानाच्या दारातल्या स्टुलाला अडखळून ती लॅपटॉपसकट काउंटरवर आदळली.

"अहो, हळू! तो मला दुरुस्त करता येईल, तुम्ही नाही," काउंटरमागचा दुरुस्तीवाला म्हणाला.

तिला चक्क हसू आलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून निघाल्यावर आज आपण हसू, असं तिला मुळीच वाटलं नव्हतं. याच लॅपटॉपवर पुस्तकांची प्रुफं तपासून तिने पोट भरलं होतं. आता तो भाचीला द्यायचा होता. पोरगी कॉलेजला निघाली. रडतखडत चालणारं डबडं तिच्या गळ्यात कशाला मारायचं? तिने त्याला फक्त भाचीचं सांगितलं.

"हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकू, रॅम वाढवू, बॅटरी नवी घालू," तो म्हणाला. "भाचीची चैन आहे बुवा! आणि तुम्ही काय वापरणार?"

"मी? मी आता आराम करणार..." तिने मान जराशी वळवली आणि त्याच्याकडे तिरकं पाहिलं. त्याच्या हातातला स्क्रू टणकन खाली पडला.

मग काय, काम लांबतच गेलं. आज रॅम आली नाही, उद्या बॅटरी. फोन करून विचारता आलं असतं, पण ती आपली रोज हजर!

"आज पुन्हा तसंच पाहिलंत," एकदा तो म्हणाला.

"कसं?"

"चोरून. अहो, समोर उभा आहे, सरळ बघा की! पैसे नाही घेणार."

ती खूप हसली, आणि घरी जाऊन खूप रडली. घरात जो तो तिचा दंड धरून चालवायचा. दुरुस्तीवाल्याला मात्र काही ठाऊक नव्हतं. त्याला कळलं की संपलं, या धास्तीने ती गप्प होती.

शेवटी लॅपटॉप तयार झाला. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"बघा... कसं वाटतंय?"

तिला मधोमध नेहमीचा करडा डाग दिसला. "छान," ती म्हणाली.

"छान म्हणजे... हो की नाही?" त्याने स्क्रीनवर बोट टेकवलं. "एवढं मोठं लिहिलंय मी."

आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मला वाचता येत नाही. मधली नजर गेलीय, फक्त कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, तेही जाणार. मी तिरकं पाहायचे ना, ते लाजून नव्हे हो... तसं पाहिलं तरच तुम्ही दिसायचात."

ती चाचपडत बॅगेत लॅपटॉप भरू लागली.

"म्हणजे त्या पाहण्यात... माझ्यासाठी काहीच नव्हतं?"

"सुरुवातीला नव्हतं," ती म्हणाली.

त्याने हळूच तिच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला आणि स्क्रीनवरचं वाचलं, "उद्यापासून काम नसलं तरी याल?"

"येईन. पण ते आधी पुसा, भाची वाचेल. आणि दारातलं स्टूल हलवू नका, त्याची जागा आता मला ठाऊक झाली आहे."

"नाही हलवत. अजून काही?"

"इकडे या. दारातल्या उजेडात उभे राहा."

तो उभा राहिला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळ्यांच्या कडेने त्याच्याकडे बघत राहिली — कपाळ, भुवया, हनुवटीवरचा तीळ.

"झालं?" त्याने विचारलं.

"हलू नका ना," ती म्हणाली. "पाठ करतेय."